लाल राहिलेली नळी

आबांच्या, माझ्या वडलांच्या, मांडीवरचा चट्टा मी पाहिला तेव्हा दिवाळीची सुट्टी संपत आली होती. जत तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात बसून ते लोकर कातरायच्या कातरीला धार लावत होते. धोतर गुडघ्याच्या वर सरकलं होतं. चट्टा तळहाताएवढा होता. मधे फिकट आणि भोवतीनं लाल कडं, कुणी बोटानं कुंकवाचा गोल ओढून ठेवावा तसा.

"आबा, ह्ये काय वो?"

"कुटं काय? आगं ते व्हय. गोचीड चावली हुती. मेंढरात हाय म्हणल्यावर चावनारच की."

"कवा चावली?"

"आता गोचीड काय सांगून चावती व्हय?"

अव्वा चुलीपाशी हसली. आईला आम्ही अव्वा म्हणतो, सीमेवरच्या आमच्या गावात अर्धी बोली कानडी आहे. ती म्हणाली, "गजकरन हाय त्ये. चुना लावा म्हणतीया तर ऐकत न्हाईत."

मला हसता आलं नाही. तसलंच चित्र मी मिरजेत पुस्तकात पाहिलं होतं, पानभर, आणि त्याखालचा मजकूर मला जवळजवळ पाठ होता.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळणार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आबा आणि अव्वा मेंढरं राखतात, थोडी कोरडवाहू ज्वारी करतात. मी मिरजेत राहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या मॅडमनी विचारलं, "तुला कशातलं माहीत आहे?" मी खूप वेळ विचार करून म्हणाले, "मॅडम, मला मेंढ्या माहीत आहेत." वर्गातल्या मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या गोचिडींवर काम करत होत्या. गोचीड चावल्यानं एक आजार होतो, लाइम म्हणतात त्याला. तो आपल्याकडे फारसा सापडत नाही. मॅडमचं म्हणणं असं, की शोधलाच नाही तर सापडेल कुठून. म्हणून मी आमच्याच मेंढ्यांच्या कानामागच्या गोचिडी डबीत भरून एसटीनं मिरजेला न्यायचे. शेजारी बसणाऱ्या बाईंना डबीत काय आहे ते सांगायचं नाही, एवढं मी लवकर शिकले.

या आजाराचा जिवाणू मळसूत्रासारखा असतो, केसाहून कितीतरी बारीक. आणि तो फार चोखंदळ. इतर जिवाणू साध्या खुराकावर रात्रीत वाढतात. हा ताटात सगळं वाढून दिलं तरी रुसून बसणाऱ्या पाहुण्यासारखा. त्याचं अन्न म्हणजे एक लालसर पातळ द्रव. त्यात साखर, जीवनसत्त्वं, सशाच्या रक्तातला पिवळा द्राव आणि आणखी बरंच काही असतं. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नुसतं मीडिया म्हणतो. तो बाहेरून येतो, बाटल्यांत, बर्फासारखा गोठलेला, आणि वापरेपर्यंत तसाच गोठलेला ठेवायचा असतो. नळीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं, कारण या जिवाणूला हवा जास्त सोसत नाही. मग अंगाच्या उबेपेक्षा किंचित कमी उबेत ठेवायचं आणि वाट बघायची. वाढ झाली तर लाल द्रव हळूहळू पिवळा पडतो. नाही झाली तर लाल राहतो.

मी आबांना मिरजेला नेलं. कसं नेलं ते विचारू नका. त्वचेच्या डॉक्टरांनी चट्टा भिंगातून पाहिला, बोटानं दाबला. "पुस्तकात आहे तसा दिसतो खरा," ते म्हणाले. "पण मी स्वतः असा रुग्ण पाहिलेला नाही. गोळ्या सुरू करू. आणि तुमच्या मॅडम म्हणत असतील तर कडेचा बारीक तुकडा नळीत घालून बघू." मॅडमच्या अभ्यासाला परवानगी होती. कागदावर आबांनी सही केली. सही करताना त्यांची जीभ नेहमीसारखी बाहेर आली.

तुकडा तांदळाच्या कणीपेक्षा लहान होता. तो मी चिमट्यानं नळीत सोडला. मॅडम शेजारी उभ्या होत्या. "कंट्रोल लावलास?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा नियम होता. ज्या नळीत काय निघेल माहीत नाही, तिच्या शेजारी एक ओळखीची नळी लावायची. तिच्यात आमच्याकडे जपून ठेवलेला, दुसऱ्या प्रयोगशाळेनं दिलेला, नक्की जिवंत असलेला जिवाणू घालायचा. तो वाढला म्हणजे मीडिया चांगला आहे, मग शेजारच्या नळीवर विश्वास ठेवायचा. मी कंट्रोल लावला होता. ओळखीच्या जिवाणूचा भरपूर दाट थेंब घातला होता.

आबांनी गोळ्या जेमतेम चार-पाच दिवस घेतल्या. मग अव्वाचा फोन आला, की पोटात आग पडते म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. मी आबांना फोनवर घेतलं.

"आबा, डॉक्टरांनी सगळ्या घ्या म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर काय, सांगतोच. जेवन जात न्हाई मला. आन मेंढरं घिऊन निघायचंय आता."

"आवं पण..."

"हे बग बाय. तुज्या नळीत काय निगू दे. निगालं तर घोड्याचा खुराक असला तरी गिळीन. न्हाई निगालं तर न्हाई. बरूबर?"

मी खूप समजावलं. डॉक्टरांनाही फोन जोडून दिला. आबा डॉक्टरांना "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर अव्वाला म्हणाले, की आपलं पोरीशी ठरलंय. पावसाळा सरला की आमच्याकडची मेंढरं पश्चिमेला निघतात, कऱ्हाडवरून साताऱ्याच्या अंगाला. ऊस तुटून गेलेल्या रानात मालक मेंढरं बसवून घेतात, रानाला खत मिळतं, आमच्या माणसांना धान्य. त्या वर्षीही घोड्यावर बिऱ्हाड लादून आबा-अव्वा निघून गेले. आणि आबांच्या गोळ्या त्या नळीवर अडकून राहिल्या.

त्या आठवड्यांत मी कशी वागले ते मला धड आठवत नाही. मेसमध्ये ताट घेऊन बसायचे आणि भाजी गार व्हायची. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन उबेच्या कपाटाचं दार उघडायचे. ओळखीची नळी आठवड्याभरातच फिकटली, मग लिंबाच्या सालीसारखी पिवळी झाली. आबांची नळी लाल. ठरल्या दिवशी दोन्हीतला एकेक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आमच्या या सूक्ष्मदर्शकात पाठीमागे सगळा काळोख असतो आणि जिवाणू असला तर चांदीच्या तारेसारखा चमकतो, वळवळतो. ओळखीच्या थेंबात तारांचा नुसता गुंता. ते बघून माझ्या अंगावर काटा यायचा, हे मॅडमना मी कधी सांगितलं नाही. आबांच्या थेंबात काळोख. मी काच इकडून तिकडे सरकवत राहायचे. एखादा धूळकण चमकला तरी काच मागे घेऊन पुन्हा बघायचे. पूर्ण काच बघून झाली आणि काळोखच निघाला, की मला बरं वाटायचं. त्यानंतर मी त्या काळोखाला कधीच बरं म्हटलं नाही, पण तेव्हा म्हटलं होतं.

बरेच आठवडे बघून शेवटी मॅडमनी सांगितलं, "वाढ नाही. तसं लिही." कंट्रोल नीट वाढला होता. शंकेला जागा नव्हती. मी आबांना फोन केला.

"आबा, काय न्हाई निगालं."

"मी म्हणलंच हुतं!" आबा ओरडून म्हणाले. मागे मेंढरांचा कालवा होता. "आगं ऐकलंस का, पोरीनं सांगितलंय, काय न्हाई. चट्टा बी गेलाय आता." अव्वाचा आवाज आला, "चुना लावला आस्ता तर कवाच गेला आस्ता."

त्या दिवशी मी मेसमध्ये दोन वेळा भात घेतला.

संक्रांतीनंतर मी गोचिडींच्या नव्या तुकडीसाठी नळ्या भरायला बसले. डीप फ्रीझरमधून मीडियाची बाटली काढली. बाटलीवर बर्फाचा पातळ थर होता. तो हातमोज्यानं पुसताना बुडाशी काहीतरी पिवळं दिसलं. मला वाटलं लेबल सुटलंय. नखानं खरवडलं तर झेंडूची पाकळी. बर्फात चिकटून बसलेली, रंग अजून ताजा.

मी ती बोटावर घेऊन बघत राहिले. फ्रीझरच्या आत फुलाचं काय काम? मग हळूहळू डोक्यात आलं, की झेंडू आमच्या प्रयोगशाळेत एकाच दिवशी येतो. खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. गावाकडे आबा कातर, कोयता, कुऱ्हाड धुऊन मांडतात. कॉलेजात सूक्ष्मदर्शक, तराजू, उबेचं कपाट, सगळं पुसून हळदकुंकू लावतात, हार घालतात. मी दसऱ्याला दरवर्षी घरी जायचे, त्यामुळे ही पूजा मी फोटोतच पाहिली होती. त्या फोटोत फ्रीझरलाही हार होता. दार उघडं होतं आणि आतला भाग लखलखीत होता. बर्फाचा कणही नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत साफसफाईचं काम बघणारे एक मामा आहेत. ते बाहेर नळावर काचसामान विसळत होते. मी जाऊन विचारलं, "मामा, खंडेनवमीला फ्रीझर बंद केला होता का?"

"केला हुता की. बर्फ लय चढला हुता, दार लागत नव्हतं. पूजा म्हणल्यावर घाणेरडं ठिवायचं व्हय?"

"मग त्यातल्या बाटल्या?"

"तुमच्या जपून ठेवलेल्या जिवाणूंच्या कुप्या त्या दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरात दिल्या, मॅडमनी बजावलं हुतं. बाटल्या खालच्या फ्रिजात ठेवल्या. साध्या."

"परत वर कधी ठेवल्या?"

मामांनी हात थांबवले. "दिवाळीची सुट्टी झाल्यावर. सगळी आली तवा. का वो ताई? गारच हुत्या की. फ्रिज काय बंद नव्हता."

गारच होत्या. मामांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मीही तेच म्हणाले असते. आमच्या घरी फ्रिज आला तेव्हा आम्ही त्यात औषध, दूध, गजरा, जत्रेचा पेढा, सगळं ठेवायचो, आणि गार आहे म्हणजे टिकलं, असंच समजायचो. त्या बाटल्या साध्या गारव्यात आठवड्यांवर आठवडे पातळ होऊन बसल्या होत्या, पुन्हा गोठल्या होत्या, आणि दिसायला पहिल्यासारख्या लाल होत्या. त्यातल्याच एका बाटलीतून मी आबांची नळी भरली होती.

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले. मी टेबलावर कागद ठेवला, त्यावर पाकळी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, "पण कंट्रोल वाढला होता ना?"

"हो मॅडम."

"किती घातला होतास?"

"भरपूर. दाट थेंब."

मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू बोलल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. "मीडिया शिळा झाला की असंच होतं. भरपूर जिवाणू घातले तर वाढतात, एकमेकांच्या आधारानं तगतात. अगदी थोडे असले की मरतात. आणि कातडीच्या तुकड्यात असलेच तर थोडेच असतात." मग त्या थांबल्या. "माझा कंट्रोल मला खरं तेच सांगत होता. मी त्याला चुकीचं विचारलं."

"म्हणजे आबांना आहे, मॅडम?"

"तसं नाही. आहे की नाही, हे आपल्याला माहीत नाही. वडिलांनी गोळ्या पूर्ण केल्या होत्या ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी लगेच त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, चट्टा आपोआप जातो, तो गेला म्हणजे आजार गेला असं नाही. गोळ्या आता पूर्ण द्यायच्या. आणि काही गोष्टी बघायला सांगितल्या. गुडघा सुजतो का, तोंड एका बाजूला ओढलं जातं का, छातीत धडधड, चक्कर. मी ते हातावर पेनानं लिहून घेतलं. आबांचा फोन बंद होता. अव्वाचाही. रानात मुक्काम असला की फोन मालकाच्या घरी चार्ज होतो, तोही आठवण झाली तर.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेहून साताऱ्याच्या एसटीत बसले. मागच्या फोनमध्ये अव्वानं कोरेगावच्या अलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं होतं. खिडकीतून सगळीकडे ऊसतोड चालली होती, ट्रॅक्टर रस्ता अडवून चालत होते. मला प्रत्येक ट्रॅक्टरचा राग येत होता. हातावरची अक्षरं घामानं फिसकटली होती, पण ती मला पाठच झाली होती. गुडघा. तोंड. छाती. मनात आबांचा चेहरा आणायला बघायचे तर तो दर वेळी एका बाजूला ओढलेला यायचा. मी डोळे उघडे ठेवून बसले. शेजारच्या आजीनं विचारलं, "काय गं पोरी, कुनी गेलं का घरचं?" मी नाही म्हणाले आणि मग मला तिच्या प्रश्नाचीच भीती वाटत राहिली.

फाट्यावर उतरून विचारत विचारत गेले. मेंढरं कुठं बसलीत हे गावात कुणालाही माहीत असतं. ओढ्यापलीकडच्या रानात लांबूनच जाळीचं कुंपण आणि घोडं दिसलं. आणि आबा दिसले. ते माझ्याकडे चालत येत होते, आणि लंगडत होते.

मी जागेवर थांबले. 

"आगं, तू? कालेज सोडून आलीस का काय?" आबा लांबूनच ओरडले.

"गुडघ्याला काय झालं, आबा?"

"धरलाय. चालून चालून धरनारच की. तू आलीस कशाला ते सांग."

"आबा, तोंड फुगवा."

"आं?"

"गाल फुगवा. दोनी."

"का गं, माकड केलंस का माझं?"

अव्वा मागून आली ती पदरानं तोंड झाकून हसायला लागली. "मिरजंत ह्येच शिकिवत्यात व्हय?"

"अव्वा, हसू नकोस. आबा, शीळ घाला."

"खुळी झालीस."

"घाला म्हणतीया न्हवं!" माझा आवाज फाटला. आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी दोन्ही ओठ जुळवले आणि रोज मेंढरांना घालतात ती शीळ घातली. लांब, सरळ, कुठे फाटली नाही, कुठून हवा निसटली नाही. पलीकडे रानभर पसरलेल्या मेंढरांनी माना वर केल्या.

मी खाली ढेकळात बसले आणि रडले.

मग मला सगळं सांगावं लागलं. अव्वानं चहा ठेवला. मी पूजेचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, पाकळीचं सांगितलं. आबांना ते पटेना.

"गार हुतं म्हणतीस. मग नासलं कसं?"

"नासलं न्हाई आबा. दिसायला चांगलंच हुतं. ताकद गेली हुती त्याची."

"मग ती दुसरी नळी? पिवळी झाली म्हणालीस की."

 मी जाळीकडे बघितलं. "आबा, थंडीत चारा न्हाई, आडोसा न्हाई, अशा रानात कळप बसला तर तगतो का?"

"तगतो. येकमेकाला चिकटून बसतात."

"आन एकटं कोकरू सुटलं तर?"

"त्येचं काय खरं न्हाई."

"त्या दुसऱ्या नळीत आमी कळप सोडला हुता."

आबांनी चहाची वाटी खाली ठेवली.  मग म्हणाले, "म्हंजे माज्या मांडीत येकटं कोकरू आसंल, तर तुमच्या नळीत मेलं. आन हितं?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "हितं जित्तं आसंल."

"माहीत न्हाई, आबा."

"आसंल, न्हाईतर नसंल बी."

"व्हय."

त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा भीती पाहिली. माझ्या लहानपणी लांडगा कळपात शिरला होता, तेव्हाही ती मला दिसली नव्हती. लांडगा दिसतो तरी. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला, मग पुन्हा ठेवला, आत काही हलतंय का बघावं तसा.

अव्वा उठली, घोड्याच्या खोगिरातली पिशवी उचकटली आणि गोळ्यांचा चुरगळलेला पुडा आणून माझ्यापुढे टाकला. "तुमचं ठरलं हुतं न्हवं बापलेकीचं? मग आता मी ठरिवते. दवाखान्यात जावा. मेंढरं मी बगते." 

आम्ही साताऱ्याला गेलो. मिरजेच्या डॉक्टरांनी फोन करून ठेवला होता. तिथल्या डॉक्टरांनी आबांच्या छातीला चिमटे लावून पट्टी काढली. मशीनमधून कागद सरकत बाहेर येत होता आणि मी त्याच्यावरच्या रेघेकडे बघत होते, जणू ती मला वाचता येणार होती. छाती ठीक होती. गुडघ्यात थोडं पाणी होतं. "या वयात, एवढं चालणाऱ्याला, हे असंही होतं," डॉक्टर म्हणाले. "त्या आजारानंही होतं. गोळ्या द्या, नव्या, पूर्ण, आणि जेवणावर द्या म्हणजे पोटात आग पडणार नाही." आबांनी पहिली गोळी माझ्यासमोर भाकरीच्या घासाबरोबर गिळली आणि तोंड उघडून दाखवलं, लहान मूल दाखवतं तसं.

मिरजेला परतले तेव्हा मॅडमनी ताज्या मीडियाची बाटली मागवून घेतली होती. आम्ही दोन रांगा लावल्या. एक ताज्या मीडियाची, एक झेंडूच्या बाटलीची. ओळखीचा जिवाणू दाट घातला, मग पातळ करून, मग आणखी पातळ, शेवटच्या नळीत मोजकेच. हा प्रयोग आबांसाठी नव्हता, त्यांच्या गोळ्या चालूच होत्या. तरी मी पुन्हा पहाटे उठायला लागले. मला मनातून वाटत होतं, जुन्या रांगेतही शेवटची नळी पिवळी पडावी. मग आबांची लाल नळी खरी ठरली असती.

ताजी रांग हळूहळू शेवटपर्यंत पिवळी झाली. शेवटच्या नळीला फार दिवस लागले, पण झाली. जुन्या रांगेत दाट नळी पिवळी. पुढची नारिंगीवर अडकली. तिच्यापुढच्या सगळ्या लाल. मी शेवटच्या नळीतला थेंब काचेवर घेतला. यात जिवाणू घातले होते, माझ्याच हातानं घातले होते. काळोख होता. तोच, आबांच्या थेंबात होता तोच. मी तो किती वेळ बघत होते माहीत नाही. मॅडमनी मागून येऊन सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

आबांच्या अहवालावर मॅडमनी स्वतः खुलासा जोडला, की निकाल ग्राह्य धरू नये. मामांना कुणी बोललं नाही, पण त्यांनी स्वतःच फ्रीझरच्या दारावर एक कागद चिकटवला, की मॅडमना विचारल्याशिवाय बंद करू नये. पुढच्या खंडेनवमीला मी घरी गेले नाही. फ्रीझरला बाहेरूनच हळदकुंकू लावलं. मीच लावलं.

गोळ्या संपल्यावर आबांचा गुडघा उतरला. गोळ्यांनी, की साताऱ्याच्या त्या मुक्कामात अव्वानं त्यांना चालू दिलं नाही म्हणून, हे कुणी सांगू शकत नाही. चट्टा आता नाही, तुकडा आता घेता येत नाही. रक्ताची तपासणी केली, तीही ना धड इकडची ना तिकडची आली. दोन रांगांचा निकाल सांगायला मी फोन केला तेव्हा आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे हुतं का नव्हतं?"

"ते आता कधीच कळनार न्हाई, आबा."

"कधीच?"

"व्हय."

पलीकडे मेंढरांच्या घंट्या वाजत होत्या. आबा चालत बोलत होते, आणि मी कान देऊन त्यांची पावलं ऐकत होते. लंगडतायत का, ते.

"मग भ्या धरायचं का न्हाई, तेवडं सांग."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला. मग तेच म्हणाले, "बरं, आसं कर. भ्या तुज्याकडं ठिव. तू शिकलीयास. मी मेंढरं बगतो."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी शीळ घातली. मेंढरांना घातली की मला ऐकवायला, ते मी विचारलं नाही. अजूनही फोन ठेवताना ते ती घालतात, आणि मी ती शेवटपर्यंत ऐकते, कुठे फाटते का बघत.